आजचं चिंतन: एकनाथी भागवत, अध्याय १५ – मनातलं ओळखणारे



आज पंधरावा अध्याय. उद्धव श्रीकृष्णांना सरळ विचारतो, सिद्धी किती, कोणत्या, आणि त्या मिळतात कशा? भगवंत अठरा सांगतात. अणिमा, लघिमा वगैरे आठ मोठ्या आणि गुणांपासून होणाऱ्या दहा. त्यानंतर आणखी पाच सांगतात, ज्यांना परंपरेत क्षुद्र सिद्धी म्हणतात. त्या पाचात दोन अशा आहेत की वाचताना मी थांबलोच. एक, भूत-भविष्य-वर्तमान जाणणं. दुसरी, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं.

म्हणजे आज इन्स्टाग्रामवर दहा मिनिटांचे अकराशे रुपये घेऊन जे विकलं जातं, ते आपल्या ग्रंथात आहे. पण क्षुद्र या खात्यात! आणि अध्याय संपत येतो तेव्हा भगवंत सांगतात की माझ्याकडे यायला निघालेल्या माणसाला या सगळ्या सिद्धी विघ्नंच आहेत, त्यात फक्त वेळ जातो. नाथमहाराजांनी वाराणसीत बसून १५७३ साली हा ग्रंथ पुरा केला. त्यांनीही इथे सिद्धीचं कौतुक केलेलं नाही.

आता गोष्ट घरची. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. काकूला विचारलं, ती म्हणाली, "लिही, पण नाव घालू नकोस."

माझे काका एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. काकू स्वतः क्वारंटाइनमध्ये होती. शेवटचं तोंडसुद्धा पाहता आलं नाही. लालबागच्या ज्या चाळीत ती लग्न होऊन आली, तिचा आता टॉवर झालाय, चौदाव्या मजल्यावर ती एकटी. चुलतभाऊ बेंगळुरूला. दोन वर्षांनी तिला एक रील दिसली. एक माणूस, पांढरा कुर्ता, मागे समई, "गेलेल्या माणसाशी बोलून देतो." पहिलं सेशन ₹१,१००. दुसरं ₹५,१००. मग "घरातली ऊर्जा अडकली आहे" म्हणून ₹२१,०००. हे मला कळलं तेव्हा तीन सेशन्स होऊन गेली होती.

मी इंजिनिअर माणूस. रडारड करण्याऐवजी लॉग मागितला. काकूने सगळे कॉल रेकॉर्ड करून ठेवले होते (काकांचा निरोप परत परत ऐकायला). एका रविवारी परळहून तिच्याकडे गेलो आणि पहिला कॉल वाक्य-वाक्य लिहून काढला.

"स किंवा श, असं काही अक्षर येतंय." "छातीत, श्वासात त्रास होता." "एक गोष्ट सांगायची राहून गेली." "घरात त्यांची एक वस्तू तुम्ही जपून ठेवलीय." यात चुकण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. २०२१ मध्ये गेलेल्या माणसाला श्वासाचा त्रास! काही वाक्यं सपशेल चुकली होती, ती काकूला आठवतच नव्हती. काही तर तिनेच दोन मिनिटं आधी बोलता बोलता सांगितलेली. शेवटी खरंच नेमक्या अशा चार गोष्टी उरल्या: काका पोस्टात होते, भजनात पखवाज वाजवायचे, मुलगा बाहेरगावी, रिटायरमेंटला दोन वर्षं होती. चारही चुलतभावाच्या फेसबुकवरच्या श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये. पोस्ट पब्लिक.

लहानपणी गिरगावात आजोळी नंदीबैलवाला यायचा. तो विचारायचा, बैल मान डोलवायचा. या कॉलमध्ये मान डोलावणारी काकू होती. तो फक्त विचारत होता.

हे मानसशास्त्रात जुनंच आहे. १९४८ साली बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला "तुझा अहवाल" म्हणून एक कागद दिला. पाचपैकी सरासरी सव्वाचारच्या वर गुण पडले, इतका तो प्रत्येकाला आपलाच वाटला. कागद सगळ्यांना एकच होता, त्यातला मजकूर त्याने ज्योतिषाच्या स्टॉलवरच्या पुस्तकातून उचललेला.

मग प्रश्न येतो, अशी शक्ती असेल तर सिद्ध कशी करायची? आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण पुण्यातलं आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, अशा दोनशे कुंडल्या. दावा असा की कुंडलीवरून बुद्धी कळते. मग ओळखा, कुठली कुंडली कुठल्या गटातली. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली, प्रत्येकी ४० कुंडल्या पाठवल्या गेल्या, २७ जणांची उत्तरं आली. सरासरी निम्म्याच्याही खाली. सर्वांत जास्त बरोबर उत्तरं एकाची, ४० पैकी २४. एका संस्थेने सगळ्या दोनशे पाहिल्या, १०२ बरोबर.

इथे कोणी म्हणेल, २४ म्हणजे साठ टक्के, काहीतरी असेलच ना! मी हिशोब करून पाहिला. २७ माणसांनी प्रत्येकी ४० वेळा नाणं उडवलं तर त्यातल्या तीन-चार जणांना २४ किंवा जास्त छापे नुसत्या नशिबाने पडायला हवेत. इथे तेवढेही नव्हते. आपण नेमके त्या एकालाच भेटतो आणि घरी येऊन सांगतो, "अरे, सगळं बरोबर सांगितलं." बाकीचे सव्वीस कोणी मोजत नाही.

अमेरिकेत जेम्स रँडी या जादूगाराने १९६४ पासून बक्षीस लावलं होतं, ते वाढत वाढत दहा लाख डॉलरवर गेलं. अट एकच महत्त्वाची: चाचणी कशी होणार आणि यश कशाला म्हणायचं हे दोघांनी आधी ठरवायचं. २०१५ मध्ये ते बंद झालं तोवर कोणालाही मिळालं नाही. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं लाखोंचं आव्हानही वर्षानुवर्षं उघडंच राहिलं.

मीही तसंच ठरवलं. काकूच्या चेहऱ्यावरून उत्तर कळू नये म्हणून ते तिला ठाऊक असता कामा नये, आणि मलाही. बाबांना म्हटलं, लहानपणी चाळीत काकांना एक टोपणनाव होतं म्हणता ना, ते कागदावर लिहून पाकीट चिकटवा. चौथ्या सेशनला काकूने विचारलं, "त्यांना लहानपणी काय हाक मारायचे, एवढं त्यांनाच विचारून सांगा."

तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "तुमच्या शेजारी शंका घेणारं कोणीतरी बसलंय. आत्मा मागे सरकला." कॉल कट.

मला वाटलं, जिंकलो. चक्क हसलो मी. काकू माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला काय वाटतं, मला कळत नव्हतं? महिन्यातून एकदा तरी कोणी त्यांच्याबद्दल बोलत होतं माझ्याशी. तुम्ही सगळे आलात की विषय बदलता. मला वाईट वाटेल म्हणून. दोन वर्षं या घरात त्यांचं नाव कोणी काढलं नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच बदलायचो आम्ही विषय. मी तर जास्तच.

बऱ्याच वेळाने तिनेच पाकीट फोडलं. आत लिहिलं होतं, "पहारेकरी." बाबांना फोन लावला. चाळीच्या गणपतीला रात्रीच्या जागरणाची पाळी काकांवर आली होती, वय वर्षं दहा. सकाळी आरतीला लोक आले तर हा गणपतीच्या उंदरावर डोकं टेकून घोरतोय, आणि प्रसादाचं ताट रिकामं. तेव्हापासून पहारेकरी. काकूला लग्नाच्या इतक्या वर्षांत हे कधी कळलं नव्हतं. ती हसली, मग रडली, मग परत हसली. बाबाही फोनवर तासभर बोलत राहिले, स्पीकर लावून.

यानंतर ती त्या माणसाकडे गेलीच नाही असं नाही. दोनदा गेली, मला माहीत आहे. मग थांबली. एकवीस हजार परत मिळाले नाहीत. तक्रार करायला ती तयार झाली नाही, मीही जबरदस्ती केली नाही.

तुमच्या घरी असं काही चालू असेल तर एवढं माहीत असू द्या. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, लोकांना फसवणं किंवा धाक घालणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. ज्योतिषांचा सल्ला यातून वगळलेला आहे. कीर्तन, वारी, घरची पूजा, होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं, हेही. तेव्हा "हा कायदा भक्तीच्या विरोधात आहे" असं व्हॉट्सॲपवर आलं तर फॉरवर्ड करण्याआधी वाचून घ्या. आणि ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, वेळ जितका जातो तितके पैसे पुढे सरकतात.

मागे एका ताईंनी विचारलं होतं, "पण दादा, अशी परीक्षा घेणं म्हणजे देवावर संशय नाही का?" ताई, परीक्षा देवाची नव्हती. ज्याने रेटकार्ड लावलंय त्याची होती. आणि समजा, उद्या कोणी खरंच मनातलं ओळखून दाखवलं, पाकिटातलं नाव अचूक सांगितलं, तरी या अध्यायाप्रमाणे त्याच्या पाया पडायचं कारण मिळत नाही. चांगदेव तर वाघावर बसून आले होते म्हणतात. पुढे गुरू केलं ते मुक्ताईला.

काकूकडे आता दर एकादशीला संध्याकाळी आम्ही जमतो. हरिपाठ होतो, चहा होतो आणि कोणीतरी काकांची एक गोष्ट सांगायचीच असा नियम आहे. पखवाज चुलतभावाने बेंगळुरूला नेला होता, तो मागच्या महिन्यात परत आणलाय. वाजवता कोणालाच येत नाही, मी शिकतोय. शेजारच्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

उद्या अध्याय १६, भगवंतांच्या विभूती. वाचून या.

राम कृष्ण हरी!