युद्धकाळातील एक विद्यार्थिनी : सोफी शोल

विद्येचे माहात्म्य आपण नित्य सांगतो. परंतु विद्या घेतलेला मनुष्य अन्यायासमोर कसा वागतो, हे क्वचितच तपासतो. त्यासाठी आपण दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीच्या म्युनिक विद्यापीठाचे एक उदाहरण अभ्यासू.

सोफी शोल हिचा जन्म ९ मे १९२१ रोजी झाला. १९४० मध्ये शालेय शिक्षण संपले, तरी विद्यापीठाचे दार तिच्यासाठी लगेच उघडले नाही. आधी सक्तीची श्रमसेवा आणि त्यानंतर युद्धसाहाय्य सेवा तिला करावी लागली. मे १९४२ मध्ये तिने जीवशास्त्र व तत्त्वज्ञान या विषयांसाठी प्रवेश घेतला. पहिल्याच उन्हाळी सुट्टीत तिला उल्म येथील शस्त्रास्त्र कारखान्यात राबावे लागले. त्याच सुमारास, हिटलरविरुद्ध बोलल्याबद्दल तिच्या वडिलांना कारावास झाला.

स्त्रीशिक्षणाविषयी राज्यकर्त्यांची दृष्टी कशी होती, हे १३ जानेवारी १९४३ रोजी उघड झाले. मुलींनी शिकत बसण्यापेक्षा हिटलरसाठी मुले जन्माला घालावीत, असे नाझी पक्षाचे प्रांतप्रमुख गीस्लर यांनी विद्यार्थ्यांच्या सभेत सुनावले. तेव्हा अनेक विद्यार्थिनी निषेध म्हणून उठून निघाल्या.

सोफीचा थोरला भाऊ हान्स हा वैद्यकाचा विद्यार्थी होता. तो आणि त्याचे मित्र ‘श्वेत गुलाब’ या नावाने राजवटीविरुद्ध गुप्तपणे पत्रके काढीत. सोफीही त्यांना येऊन मिळाली. संशय येऊ नये म्हणून कागद, पाकिटे आणि टपाल तिकिटे थोडी थोडी करून निरनिराळ्या ठिकाणी विकत घ्यावी लागत. सहावे पत्रक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक कुर्ट हूबर यांनी लिहिले. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी विद्यापीठाच्या इमारतीत ते वाटताना बहीणभाऊ तेथील शिपायाच्या हाती सापडले. २२ फेब्रुवारीला खटला चालला आणि त्याच दिवशी सोफी, हान्स व त्यांचा मित्र क्रिस्टोफ प्रोब्स्ट यांचा शिरच्छेद झाला. जुलैमध्ये हूबर यांनाही मृत्युदंड देण्यात आला.

आता याची दुसरी बाजू पाहू. त्याच संध्याकाळी, त्याच विद्यापीठात, शेकडो विद्यार्थ्यांनी त्या शिपायाचा जयघोष केला. ग्रंथालय एक, व्याख्याने तीच; तरीही आचरणात केवढे अंतर! केवळ प्रवेश आणि पदवी यांनी विवेक जागा होत नाही, हे यावरून स्पष्ट दिसते.

आज विद्यापीठासमोरील चौकाला या भावंडांचे नाव आहे. पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच, की मुलांचे गुण पाहताना त्यांना हेही विचारावे : वर्गात एखाद्यावर अन्याय झाला, तेव्हा तू काय केलेस?