आईची पेन्शन आईच्याच हातात राहू दे

सातारा,
12 ऑगस्ट 2025

चि. निखिल यास,


ताईच्या पासपोर्टवर इमिग्रंट व्हिसाचा शिक्का बसला आणि तू ऑक्टोबरच्या मध्याचं तिकीट बघतो आहेस, हे तिच्याकडून कळलं. ती तुमच्याकडे येते आहे याचा मला आनंद आहे. गुडघ्यांचं दुखणं घेऊन तिनं इथं एकटीनं दोन जिने चढावेत, हे मलाही बघवत नव्हतं. पण तिकीट काढण्याआधी हे पत्र नीट वाच. फोनवर तू म्हणालास, "मामा, त्या पेन्शनची इथं काही गरज पडणार नाही." तुला पडणार नाही हे मला ठाऊक आहे. तिला पडेल.

सिव्हिल हॉस्पिटलात रात्रपाळ्या करून तिनं ती कमावली आहे. भाऊजी गेल्यावर तुझी इंजिनिअरिंगची फी त्याच नोकरीतून भरली गेली. आजही पेन्शन जमा झाली की ती पासबुक भरून आणते, कामवाल्या मावशींच्या मुलीची क्लासची फी देते, भिशीचे पैसे बाजूला काढते आणि शिल्लक किती ते कालनिर्णयच्या पानामागे पेन्सिलीनं लिहून ठेवते. एडिसनला आल्यावर तिला नातवाच्या वाढदिवसालासुद्धा तुझ्याकडे पैसे मागावे लागले, तर ती बोलणार काहीच नाही, पण आतून खचेल. तसं होऊ नये म्हणून पुढचं सगळं मी लिहितो आहे.

पहिली गोष्ट, तिकीट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याचं काढ. व्हिसाची मुदत जानेवारीपर्यंत आहे, घाई नाही. दर नोव्हेंबरात कोषागाराच्या याद्या बँकेत येतात आणि पेन्शनर आपल्या नावासमोर सही करतो. तोच त्याचा हयातीचा दाखला. ती सही राहिली की डिसेंबरपासून पेन्शन थांबते. यंदाची सही करूनच तिला विमानात बसू दे.

पुढच्या वर्षापासून दोन वाटा आहेत. एक जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला. 2014 साली ते अंगठ्याच्या ठशावर सुरू झालं, 2021 पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही होतं. दाखला निघाला की प्रमाण आयडी मिळतो, पण तो कायमचा नसतो; दरवर्षी नवा काढायचा. दुसरी वाट न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाची. तुमचं न्यू जर्सी त्यांच्याच हद्दीत येतं. तिथून दाखला घेऊन तो इथं पाठवायचा. त्यावर पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, क्रमांक, बँकेची शाखा आणि खाते क्रमांक स्वच्छ अक्षरात हवेत. कोषागाराच्या खिडकीमागे बसून मी परदेशातून आलेले दाखले पाहिले आहेत. शिक्का सुरेख, सही ठळक, आणि पीपीओ क्रमांकाचा पत्ताच नाही. तसा कागद कोणाच्या फाइलला लावायचा? तिकडे म्हाताऱ्या माणसाला वाटत राहतं की आपण पाठवला, आणि इकडे पेन्शन बंद.

नावाचंही बघायला हवं. ताईच्या पीपीओवर भाऊजींचं नाव 'दत्तात्रय' आहे, पासपोर्टवर 'दत्तात्रेय'. आधारवर तिसरंच काहीतरी असेल तर मला नवल वाटणार नाही. इथं शाखेतली सगळी मंडळी तिला ओळखतात म्हणून आजवर अडलं नाही. परदेशातून कागद गेला की ओळख संपते आणि अक्षरं उरतात. पीपीओतली दुरुस्ती मुंबईच्या महालेखापाल कार्यालयापर्यंत जाते, वेळ खाते, म्हणून ते काम आत्ताच हाती घ्यायचं.

तिचा मोबाइल नंबर बंद पडू देऊ नकोस. आधार, बँक, जीवन प्रमाण, सगळ्यांचे ओटीपी त्या एका नंबरावर येतात, आणि नव्वद दिवस वापर नसला की कंपनी नंबर काढून घेऊ शकते. रोमिंग चालू करून घे, रिचार्जची तारीख तुझ्या फोनमध्ये लावून ठेव. पण सिम तिच्याच फोनमध्ये राहू दे. आपल्या खात्यातून पैसे निघाल्याचा मेसेज आधी तिला दिसला पाहिजे.

आता बँक. कायमची परदेशी राहायला गेली की फेमा कायद्यानं तिचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी खातं, करावं लागतं, मुदतठेवीही तशाच. पेन्शन एनआरओ खात्यात जमा होते, त्यात अडचण नाही. प्राप्तिकराचं मात्र वेगळं आहे, तो दिवस मोजतो. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत ती इथंच असल्यामुळे 2025-26 साठी ती निवासीच धरली जाईल. खरा फरक 2026-27 पासून पडेल.

त्या वर्षापासून 15एच फॉर्म भरता येणार नाही आणि एनआरओ ठेवींच्या व्याजावर बँक सेससह 31.2 टक्के कापेल. बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात ती सवलत फक्त निवासींना आहे, हे फारच थोड्यांना माहीत असतं. ताईची पेन्शन वर्षाला पाच लाखांच्या आसपास, व्याज साधारण 1,20,000. बँक व्याजातूनच 37,440 रुपये कापून घेईल. पण 75,000 ची प्रमाणित वजावट आणि चार लाखांची करमुक्त मर्यादा धरून आजच्या दरानं तिचा सगळा कर आठ हजारांच्या आतच बसतो. उरलेले तीस हजारांच्या आसपास परत मिळतात, पण रिटर्न भरलं तरच. तेव्हा रिटर्न दरवर्षी भरायचं. तुझ्या लेखी ही रक्कम किरकोळ असेल, तिच्या लेखी नाही.

अमेरिकेच्या बाजूनं ग्रीन कार्डवाल्याला जगभरातलं उत्पन्न तिथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. सरकारी पेन्शनवर देणाऱ्या देशानंच कर घ्यायचा, असं भारत-अमेरिका करारातलं कलम 19 सांगतं, आणि तुझे मित्र तुला तेच ऐकवतील. पण त्याच करारात ग्रीन कार्डधारकांना या सवलतीतून वगळलं आहे. म्हणून पेन्शन दाखवायची आणि इथं भरलेल्या कराचं क्रेडिट मागायचं. शिवाय परदेशी खात्यांमधली एकूण रक्कम वर्षात एकदा जरी दहा हजार डॉलरांच्या वर गेली, तरी एफबार नावाचा अहवाल भरावा लागतो. ताईच्या ठेवी धरल्या तर ती नक्कीच जाते. तिच्या खात्यावर तुला सहीचा अधिकार असेल तर तो तुलाही भरावा लागेल. या कामासाठी दोन्हीकडचे कायदे जाणणारा सीए धर, त्याची फी वाया जाणार नाही.

सहीच्या अधिकाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुझ्या नावानं सरसकट मुखत्यारपत्र करू नका आणि सह्या केलेले कोरे चेक तर कोणाकडेच ठेवू नका, माझ्याकडेसुद्धा. बँकेत कागद पोचवण्यापुरतं अधिकारपत्र तिनं मला द्यावं, तेवढं पुरे. तिकडे अमेरिकेत तिच्या एकटीच्या नावानं खातं उघड, कार्ड तिच्या पर्समध्ये असू दे. एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरांपर्यंत नेता येतात, तेव्हा मर्यादेची काळजी नको. किती न्यायचे आणि किती इथं ठेवायचे, ते तिला विचार. क्लासची फी आणि भिशी इथूनच जाणार, हे ती आधीच ठरवून बसली आहे.

एक तारीख लिहून ठेव. 2012 साली निवृत्त होताना तिनं पेन्शनचा काही भाग विकला होता. त्याला 2027 च्या मध्यात पंधरा वर्षं होतात आणि ती कपात थांबून पूर्ण पेन्शन सुरू व्हायला हवी. त्या महिन्यात रक्कम वाढली का, ते तिच्याबरोबर बसून पाहा. वाढली नाही तर मला लगेच फोन कर.

येत्या सोमवारी मी ताईला घेऊन बँकेत जातो, मग कोषागारात. नामांकनही त्याच वेळी तपासून घेतो. पीपीओ दुरुस्तीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. तो तिला वाचून दाखवीन, मगच सही घेईन. तू तिकिटाची तारीख कळव.

सौ. सूनबाईंना आणि छोट्याला आशीर्वाद.

तुझा,
मामा