व्होल्टेज कमी, मग करंट जास्त कसा? (मोटर ड्राइव्हच्या एका दोषावरून पाठ)



आपल्या शाहूवाडी तालुक्यात कडवी, कासारी, वारणेच्या काठाला ज्यांचं रान आहे त्यांच्या घरात हे वाक्य रोजचं: "व्होल्टेज कमी हाय, मोटर चालू करू नको, जळंल." हे ऐकून पोरगं शाळेत येतं आणि नववीच्या 'धाराविद्युत' पाठात आपण त्याला ओहमचा नियम शिकवतो. विभवांतर कमी झालं की धाराही त्याच प्रमाणात कमी होते. मग धारा कमी झाल्यावर मोटर जळते कशी? माझ्या वर्गात एका मुलाने हे विचारलं होतं. मी "पुढच्या वर्गात कळेल" म्हणून वेळ मारून नेली. खरं तर मलाच नीट सांगता येत नव्हतं.

तोच मुलगा आयटीआय करून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. "सर, कारखान्यातला ड्राइव्ह सारखा 'अंडरव्होल्टेज' दाखवून बंद पडतोय. मीटर लावला तर ४१० दाखवतंय. साहेब म्हणतात ड्राइव्हच बदला."

ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारी पेटी. तिच्या पोटात तीन टप्पे असतात. आलेल्या थ्री फेज एसीचा आधी डीसी होतो, तो मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो आणि त्यातून हव्या त्या वारंवारतेचा एसी करून मोटरला दिला जातो. ४१५ व्होल्टला १.३५ ने गुणलं की साठ्यावरचा डीसी मिळतो, साधारण ५६० व्होल्ट. हा साठा ठरावीक पातळीखाली गेला की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला थांबतो. म्हणजे 'अंडरव्होल्टेज' ही तक्रार या साठ्याबद्दलची आहे. बाहेरच्या मीटरवर ४१० दिसलं म्हणून ती खोटी ठरत नाही.

मी त्याला दोनच प्रश्न विचारले. मीटर लावला तेव्हा मोटरवर लोड होता का? आणि तिन्ही जोड्या मोजल्यास का? दोन्हीला उत्तर "नाही." त्याने ड्राइव्ह थांबलेला असताना एकच जोडी मोजली होती. मग अनुभवी वायरमनला सोबत घेऊन लोडवर, ड्राइव्हच्या अगदी तोंडाशी तिन्ही जोड्या मोजल्या. दोन जोड्यांत व्होल्टेज घसरलेलं, तिसरीत ठीक. म्हणजे त्या दोन्ही जोड्यांत जो फेज होता तोच आजारी. मेन स्विचमधला त्याचा एक स्क्रू ढिला होऊन काळा पडला होता. रिकाम्या मोटरला उरलेले दोन फेज पुरत होते. लोड आला की कपॅसिटर भरण्याआधीच रिकामा व्हायचा. एक स्क्रू आवळून काम झालं, नवा ड्राइव्ह आणावा लागला नाही.

प्रत्येक वेळी स्क्रूच सापडेल असं नाही. शेजारची मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर बसतं. साध्या मीटरवर ते दिसत नाही, पण बऱ्याच ड्राइव्हच्या स्मृतीत बंद पडतानाचा डीसी आकडा नोंदलेला असतो. तो आधी वाचावा. ड्राइव्ह जुना असेल तर कपॅसिटरच थकलेले असू शकतात.

पण त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट ऐकून माझ्या पोटात गोळा आला. "स्विच बंद केला आणि लगेच झाकण उघडलं, सर." स्विच बंद झाला तरी कपॅसिटरमधला साठा लगेच जात नाही. डिस्प्ले विझला म्हणजे पेटी मेली असं नव्हे. किती मिनिटं थांबायचं ते पेटीवरच छापलेलं असतं. तेवढं थांबून, मग डीसीच्या दोन टोकांवर मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करायची आणि मगच हात घालायचा. पालकहो, तुमचं पोर या कामात असेल तर आज रात्री जेवताना त्याला हे एवढं विचाराच.

आता मूळ प्रश्न. हौदात तेवढंच पाणी, तेवढ्याच वेळात भरायचंय आणि घागर लहान झाली, तर खेपा वाढणार. व्होल्टेज ही घागर, करंट म्हणजे खेपा. पंपाने जेवढं काम मागितलंय तेवढं मोटरला करावंच लागतं, म्हणून ती जास्त करंट ओढते आणि वायंडिंग तापतं. मोटरची ओढ तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर ओढ ८१ टक्के उरते, २० टक्के कमी झालं तर ६४. म्हणून कमी व्होल्टेजवर मोटर नुसती घूं घूं करते, उचलत नाही. अशा वेळी स्टार्टरचा ओव्हरलोड रिले वाढवून ठेवणं किंवा बटण काडी घालून दाबून ठेवणं म्हणजे वायंडिंग जाळायला स्वतः परवानगी देणं. आपल्या रानात हे सर्रास चालतं.

मग ओहम चुकला का? नाही. नियमातली अट आपण फळ्यावर लिहितो आणि विसरतो: वाहकाची भौतिक अवस्था कायम असली पाहिजे. इस्त्रीची तार ती अट बरीचशी पाळते. फिरणारी मोटर मात्र स्वतःच उलट दिशेचं व्होल्टेज तयार करते, त्यामुळे तिला नुसता रोध मानून चालत नाही.

वर्गात थ्री फेजला हात लावू नका. खेळण्यातली छोटी मोटर, दोन सेल आणि अॅम्पिअर मोजणारा मीटर पुरे. मोटर मोकळी फिरू द्या, आकडा लिहून घ्या. मग दांडा बोटांनी हलकेच दाबा. सेल तेच, मोटर तीच, तरी करंट वाढतो. कमी व्होल्टेजला जास्त करंट हे मात्र या खेळण्यात दिसणार नाही, ती डीसी मोटर आहे. करंट एकट्या व्होल्टेजवर ठरत नाही, एवढंच दाखवा. दांडा पूर्ण अडवून धरू नका, मोटर लगेच तापते. आमच्या वर्गात पहिल्याच तासाला एक गेली.