मीठ आखडलं, तर आंबट वाढवा

रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टरांनी ‘मीठ कमी करा’ म्हटलं, की घरात पहिला प्रश्न उठतो, ‘मग जेवण गोड कसं लागणार?’ बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न जास्तच टोकदार आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरी-बोअरचं पाणीच खारं. मूत्रपिंडाच्या आजारामुळे यातली कित्येक गावं वर्षानुवर्षं बातम्यांत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट चहाचा चमचाही नाही. लोणचं, पापड आणि शेगावची कचोरी त्यातच मोजायची!

इथे जिभेची एक खोड कामी येते. पदार्थ आंबट असला, की थोडं मीठही जास्त जाणवतं. म्हणून व्हिनेगर घातलेलं कोलस्लॉ. नाव डच, ‘कोल’ म्हणजे कोबी आणि ‘स्ला’ म्हणजे सॅलड. जातीनं मात्र आपली कोशिंबीरच. हॉटेलातलं पांढरं, मेयोनीजचं कोलस्लॉ विसरावं. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणानं २०२४ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२५ मध्ये बंदी घातली, ती उगाच नाही.

अर्धा किलो पत्ताकोबी दोऱ्यासारखी बारीक चिरावी. एक गाजर किसून, एक कांदा उभा कापून त्यात घालावा. स्टीलच्या पातेल्यात चार मोठे चमचे व्हिनेगर, दोन चमचे पाणी, दोन लहान चमचे साखर, पाव लहान चमचा मीठ आणि चमचाभर तेल उकळी येईपर्यंत तापवून लगेच कोबीवर ओतावं. चर्र आवाज होत नाही, पण कोबी मऊ पडते. एरवी त्यासाठी मीठ चोळून पिळावी लागते. मग लोणच्याला फेसतो तशी चमचाभर मोहरी फेसून कालवावी. वरून सांभार, म्हणजे पुण्या-मुंबईची कोथिंबीर. तासाभरानं चव मुरते. चार-पाच जणांत मिळून मीठ जेमतेम दीड ग्रॅम. अॅल्युमिनियमचं किंवा कल्हई उडालेलं पितळी भांडं नको, आम्ल धातू खातं.

चिरण्याआधी कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाकावीत, उरलेली सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. सांडपाण्यावर वाढलेल्या भाजीवर फीतकृमीची अंडी असू शकतात. त्यांतून निघालेल्या अळ्या पोटातून मेंदूपर्यंत पोचल्या, तर फिट्स येऊ शकतात. व्हिनेगरनं ही अंडी मरतील या भरवशावर राहू नये. धुण्याची खात्री नसेल, तर कोबी शिजवूनच खावी.

आम्लपित्त किंवा अल्सर असलेल्यांनी हा बेत टाळावा. डायलिसिसवरच्या रुग्णांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी ‘लो सोडियम’ मीठही परस्पर आणू नये. त्यात काही सोडियमऐवजी पोटॅशियम असतं आणि ते रक्तात साचलं, तर हृदयाचे ठोके बिघडतात.

व्हिनेगर घेताना खाण्याचं, ४-५ टक्के आम्लाचं, सीलबंद बाटलीतलंच घ्यावं. सुटं, तीव्र अॅसेटिक अॅसिड घरात पाणी घालून वापरू नये. अंदाज चुकला, तर अन्ननलिका भाजते.