ब्रेक नसलेल्या गाडीवर परतताना : पुतण्यास पत्र

चि. छोटूस,


स्पीडवे ही मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत. चार स्वार, चार फेऱ्या, जेमतेम मिनिटभराचा खेळ. गाडी ५०० सीसीची, मिथेनॉलवर चालणारी, एकाच गिअरची. तिला ब्रेक नसतो. फेऱ्या घड्याळाच्या उलट दिशेने, त्यामुळे वळणे सगळी डावीकडची. वळणावर स्वार मागचे चाक मुद्दाम घसरवतो, पुढचे चाक उजवीकडे वळवतो आणि पोलादी तळाचा बूट चढवलेला डावा पाय मातीवरून घासत नेतो. घसरणाऱ्या मागच्या चाकाला मध्येच पकड मिळाली, की गाडी उसळून सरळ कुंपणाकडे धावते. मनगटाला बांधलेल्या दोरीमुळे स्वार पडताच इंजिन बंद होते, मोठ्या शर्यतींत वळणांवर हवा भरलेले कुंपणही असते. तरीही या खेळात हाडे मोडतात, आणि नेहमी मोडतात.

ऑस्ट्रेलियाचा जेसन डॉयल हे याचे ठळक उदाहरण. जन्म १९८५चा, गाव न्यूकॅसल. १९२३ साली जिथे या खेळाची सुरुवात झाली असे मानतात, ते वेस्ट मेटलंड तिथून जवळच. जगज्जेता ठरवणाऱ्या ग्रां प्री मालिकेत त्याला पूर्ण हंगाम मिळाला तो २०१५ मध्ये, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर. त्याच वर्षी पोलंडमधल्या तोरुन येथे तो पडला आणि मानेला इजा झाली. २०१६ मध्ये तो गुणतक्त्यात सगळ्यांच्या पुढे होता. मालिकेच्या दोनच फेऱ्या उरल्या असताना त्याच तोरुनला तो पुन्हा पडला. खांदा, कोपर आणि फुप्फुस एकाच वेळी जायबंदी झाले. शेवटची फेरी मेलबर्नला, म्हणजे त्याच्याच देशात होती. ती त्याला खेळता आली नाही, आणि हाताशी आलेले जगज्जेतेपद गेले.

ते मिळाले अमेरिकेच्या ग्रेग हॅनकॉकला. त्याचे वय तेव्हा ४६. पहिले विजेतेपद त्याने १९९७ मध्ये जिंकले होते, हे चौथे. या खेळात कारकीर्द किती लांबू शकते, ते यावरून कळते. तरुण खेळाडूला मात्र दोन महिने घरी बसावे लागले, की सगळे संपल्यासारखे वाटते.

डॉयलच्या बाबतीत एक गोष्ट पथ्यावर पडली. युरोपातला हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास संपतो. पुढची ग्रां प्री थेट एप्रिल २०१७च्या अखेरीस होती. फुप्फुस आणि खांदा भरून यायला मधला हिवाळा मिळाला. २०१७च्या हंगामात पायाचे हाड मोडले, तेव्हा मात्र तो थांबला नाही. कुबड्या घेऊन मैदानावर यायचा आणि गाडीवर बसायचा. २८ ऑक्टोबर २०१७ रोजी मेलबर्नलाच तो जगज्जेता ठरला.

ही जिद्द खरीच, पण तिचे कौतुक करताना दोन्ही वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. पायाच्या मोडलेल्या हाडाने वेदना होतात, तरी स्वाराचा हँडलवरचा ताबा आणि श्वास शाबूत राहतो. मान, पाठीचा कणा, फुप्फुस यांच्या दुखापतीत पुढचे एक पडणे जन्माचे अपंगत्व देऊ शकते. पोलंडचा टोमाश गोलोब २०१० मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी जगज्जेता झाला; २०१७ मध्ये मोटोक्रॉसच्या गाडीवरून पडून त्याच्या मणक्याला इजा झाली आणि कारकीर्द तिथेच थांबली. कधी सोसायचे आणि कधी थांबायचे, हा निर्णय शर्यतीच्या दिवशी, अंगात जोश असताना घेण्याचा नव्हे.

म्हणून प्लास्टर निघाले एवढ्यावर कोणी ट्रॅकवर जाऊ नये. आधी हाताची पकड आणि खांद्याची हालचाल पूर्ववत व्हावी, मग एकट्याने सरावाच्या फेऱ्या माराव्यात, आणि शर्यतीचा अर्ज डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहून हो म्हटल्यावरच भरावा.

तुझा,
काका