गिटारपुढे माईक कुठे ठेवावा?



आपल्या गायनवृंदातील मुलेमुली हल्ली नवे गीत घरीच गिटारवर बसवतात, मोबाईलवर रेकॉर्ड करतात आणि एकमेकांना पाठवतात. शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला गेलेली मुले त्यावरूनच चाल शिकतात. अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आजी-आजोबांपर्यंतही रविवारची गीते याच वाटेने पोचतात. मात्र शब्द कळत नाहीत, नुसते घूं-घूं ऐकू येते, असे त्यांच्याकडून आपण ऐकतो. अशा वेळी दोष बहुधा गिटारचा नसतो, मोबाईलचाही नसतो. माईकची जागा चुकलेली असते.

जागेचे हे महत्त्व जुनेच आहे. १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गाइसबर्ग यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा माईक नव्हताच. भोंग्यात तोंड घालून गायचे, आणि वादकांनी कोणी जवळ, कोणी दूर बसायचे. आवाजाचा तोल साधण्याचा तोच उपाय होता. १९२५ नंतर माईकचे युग आले, तरी कोण किती अंतरावर हा प्रश्न काही सुटला नाही.

आता गिटारकडे पाहू. बहुतेक जण माईक थेट मधल्या गोल भोकासमोर धरतात. आवाज तिथूनच बाहेर येतो, असे वाटणे साहजिक आहे. खरे तर तारांचा कंप ब्रिजमधून वरच्या लाकडी पाटीला मिळतो आणि ती सगळी पाटी बोलते. भोकातून येतो तो मुख्यतः पोटातल्या हवेचा घुमारा. साधारण गिटारमध्ये तो १०० हर्ट्झच्या आसपास असतो. सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची आणि तिच्या खालची ११० हर्ट्झची, म्हणजे नेमके खर्जातले सूर तिथे फुगतात. त्यात स्टेजवरचा हातात धरायचा माईक असेल तर आणखी भर पडते. एकाच दिशेने ऐकणारा असा माईक जितका जवळ न्यावा तितका खर्ज वाढवतो.

म्हणून माईक बाराव्या फ्रेटसमोर, म्हणजे गिटारची मान जिथे पोटाला मिळते त्या भागासमोर ठेवावा. अंतर एक ते दीड वीत. तोंड किंचित पोटाकडे वळवावे, पण भोकावर रोखू नये. तारांची टिकटिक जास्त वाटली तर अर्धी वीत मागे घ्यावा. आवाज पातळ वाटला तर थोडा भोकाकडे सरकवावा. चार बोटांच्या फरकानेही आवाज बदलतो, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही. मोबाईल असेल तर त्याचा माईक बहुधा चार्जिंगच्या खाचेजवळ असतो. ती बाजू गिटारकडे हवी. मोबाईल मांडीवर किंवा गिटारवर ठेवू नये. पुस्तकांच्या चळतीवर रुमाल घालून टेकवला तरी चालतो.

गाणे आणि गिटार एकाच माईकवर घ्यायचे असेल तर दोन फूट मागे जावे आणि माईक छातीच्या उंचीवर ठेवावा. शब्द दबले तर वर उचलावा, गिटार दबली तर खाली आणावा. दोन माईक वापरायचा मोह आम्हाला फारसा मान्य नाही. एकच आवाज दोघांत थोड्या वेळाच्या फरकाने शिरतो आणि पोकळ वाटतो. वापरायचेच असतील तर प्रत्येक माईक आपल्या वाद्यापासून जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये असावे.

खोलीचेही ऐकावे लागते. आपल्या घरांतल्या टाईल्स आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात. कोपऱ्यात बसू नये, तिथे खर्ज साचतो. गाद्या, गोधड्या असलेली खोली दिवाणखान्यापेक्षा बरी. वादकाच्या मागे दोरीवर जाड चादर टाकली तरी फरक पडतो. वणीच्या उन्हाळ्यात पंखा आणि कूलर बंद करून बसणे म्हणजे परीक्षाच, तेव्हा पहाटेची वेळ धरावी. कोळशाच्या ट्रकांची घरघर बंद दारातूनही येते. रस्त्याकडची खोली टाळावी. कूलरच्या झोतात गिटार ठेवू नये, ओल्या हवेने लाकूड फुगते. आणि मे महिन्यात बंद खोलीत तापू देऊ नये, तडे जातात. प्रत्येक वेळी सुरुवातीला तारा जुळवाव्यात.

आवाजाची पातळी सर्वांत जोरकस कडव्यावर ठरवावी. काटा लाल रंगाला लागला तर आवाज फाटतो आणि नंतर तो दुरुस्त होत नाही.

एकच कडवे तीन जागांवरून रेकॉर्ड करून शेजारी शेजारी ऐकावे. हेडफोनवर ऐकावेच, पण मोबाईलच्या उघड्या स्पीकरवरही ऐकावे. आजी गीत त्याच्यावरच लावतात, आणि त्या छोट्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ येतच नाही.