अडकलेला बोल्ट कसा काढावा

मोटार, ट्रॅक्टर अगर तेलाचें इंजिन बाळगणाऱ्या शेतकरी बंधूंस गंजून बसलेल्या बोल्टाची अडचण केव्हां ना केव्हां येतेच. पेरणी तोंडावर आलेली असते, मेकॅनिक तालुक्याच्या गांवीं असतो, आणि घाईनें पान्यास लांब नळी लावून जोर केला कीं बोल्टाचें डोकें हातांत येऊन धड आंतच राहतें. बोल्ट थोड्या पैशांत मिळतो. परंतु तो ज्या बिडाच्या भागांत बसला आहे त्याचे आटे बिघडले तर मोठा खर्च अंगावर येतो. म्हणून बोल्ट गेला तरी चालेल, पण आटे राखावे, असें आमचें सांगणें आहे.

प्रथम तारेच्या ब्रशानें गंज झाडून आट्यांच्या मुळाशीं गंज सोडविणारें पातळ तेल सोडावें व तें रात्रभर मुरूं द्यावें. सकाळीं डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावे. नंतर बोल्ट किंचित् आवळून मग सैल करावा, व असें मागेंपुढें करीत तो बाहेर आणावा. दप्तराच्या रुमालाची गांठ जशी ओढून सुटत नाहीं, तसेंच हें आहे. तरीही न सुटल्यास तेल पुसून भोंवतालचा भाग बेताचा तापवावा; तो प्रसरण पावून पकड ढिली होते. मात्र पेट्रोल, डिझेल अगर रबरी नळी जवळ असतां ज्योत मुळींच लावूं नये. व तापल्या बिडावर पाणी ओतूं नये, कारण तें तडकतें.

इतकें करूनही बोल्ट तुटलाच तर ड्रिल घ्यावें. तुटका माथा कानशीनें सपाट करून बरोबर मध्यावर सुंब्यानें खूण ठोकावी. खूण चुकल्यास ड्रिल बाजूच्या मऊ धातूकडे घसरून आटे खातें. १० मिलिमीटर जाडीच्या व १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांच्या बोल्टास प्रथम ३, मग ५, मग ७ मिलिमीटरचें भोंक पाडावें. शेवटचें भोंक ८.५ मिलिमीटरहून मोठें कदापि नसावें, कारण त्यापुढें बिडाचे आटे कापले जातात. वेग कमी ठेवून थेंब थेंब तेल द्यावें. लांब कुरळा किस निघाला तर काम ठीक चाललें. भुकटी व धूर निघाल्यास ड्रिलची धार गेली असें समजावें. उरलेली पातळ साल बारीक छिन्नीनें आंत वळवून काढावी व टॅप फिरवून आटे साफ करावे. भोंकांत ठोकून फिरविण्याचें उलट्या आट्यांचें हत्यार मिळतें. पण तें अतिकठीण व ठिसूळ असल्यामुळें आंत मोडल्यास साधें ड्रिल त्यास लागत नाहीं.

डोळ्यांस चष्मा लावावा. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे व सैल बाह्या नकोत. गाडीखालीं जाणें झाल्यास केवळ जॅकवर विसंबूं नये, भक्कम टेकू द्यावा.

नवा बोल्ट त्याच मापाचा व त्याच प्रतीचा घ्यावा. जुन्याच्या डोक्यावर ८.८ असा आंकडा असेल तर नव्यावरही तोच पाहून घ्यावा.